‘सरसकट’, ‘तत्त्वतः’, ‘सदृश’: सत्तेची भाषा पेन्सिल हातात घेऊन कशी वाचावी

११ जून २०१७, रविवार. रात्री मी एका जिल्हा दैनिकाच्या डेस्कवर होते. पुणतांब्याहून सुरू झालेल्या शेतकरी संपाचा अकरावा दिवस. मुंबईहून बातमी आली की मंत्रिगट आणि शेतकऱ्यांची सुकाणू समिती यांची बैठक संपली, कर्जमाफी मान्य झाली. पान सुटायची वेळ झाली होती. मी मथळा दिला, ‘सरसकट कर्जमाफी’. बातमीत त्या शब्दाच्या शेजारी आणखी दोन शब्द होते, ‘तत्त्वतः’ आणि ‘निकषांसह’. मथळ्याच्या जागेत ते बसेनात, म्हणून मी गाळले.

पुढे दिवाळीला गावी गेले तेव्हा आबांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावांनी, पाकीट डायरीतून त्या मथळ्याचं कात्रण काढून माझ्यासमोर ठेवलं. घड्या पडून कागद चौकोनाचौकोनात विरला होता. आबांचं थकीत पीककर्ज होतं १ लाख ८० हजार. सोसायटीच्या गटसचिवाने त्यांना सांगितलं होतं की माफी दीड लाखापर्यंतच आहे. वरचे तीस हजार आधी भरा, मग दीड लाखाचं बघू. आबा मला एवढंच म्हणाले, “पोरी, सरसकटचा अर्थ बदलला का गं?”

मी तेव्हापासून गावोगावच्या वाचनालयांत आणि बचत गटांत बसून लोकांबरोबर घोषणा वाचते. खाली दिली आहे ती त्या बैठकांत घासूनपुसून तयार झालेली पद्धत. एक गोष्ट मला पक्की कळली आहे. सत्तेतली माणसं धडधडीत खोटं क्वचित बोलतात, कारण खोटं पकडता येतं. लोकांना फिरवायचं काम छोटे शब्द करतात: एखादा प्रत्यय, एखादं ‘पर्यंत’, कर्ता नसलेलं एखादं क्रियापद. आपण मोठा शब्द ऐकतो आणि छोटा सोडून देतो. त्यात अडाणीपणाचा प्रश्न नाही. मी तर पत्रकारितेची पदवी घेऊन सोडून दिला होता.

साहित्य फार लागत नाही. पेन्सिल, कोरा कागद आणि निवांत अर्धा तास.

पहिली पायरी: मथळा बाजूला ठेवा, वाक्य मिळवा

व्हॉट्सॲपवर आलेलं चित्र, टीव्हीच्या पट्टीवरचे चार शब्द, चौकातला फलक, यांवरून काहीही ठरवू नका. घोषणा करणारा नेमकं काय बोलला ते पूर्ण वाक्य शोधा आणि ते स्वतःच्या हाताने कागदावर लिहून काढा. डोळा जे शब्द गाळतो ते हाताला गाळता येत नाहीत. बैठकीला आलेल्या बायका सुरुवातीला याला कंटाळतात, तिसऱ्या ओळीला कोणीतरी थांबतं आणि विचारतं, “हे ‘अधीन राहून’ म्हणजे काय?” तिथून खरं वाचन सुरू होतं.

दुसरी पायरी: क्रियापदाखाली रेघ मारा आणि कर्ता शोधा

शाळेत कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोग शिकताना तो दोन मार्कांचा प्रश्न वाटायचा. सत्तेची भाषा वाचताना तेच व्याकरण सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.

बातम्यांत वर्षानुवर्षं छापून येणारं हे वाक्य घ्या: ‘जमाव पांगवण्यासाठी पोलिसांना सौम्य लाठीमार करावा लागला.’ ‘करावा लागला’ म्हटलं की मारणारा नाइलाजाने मारतोय असं होतं. ‘सौम्य’ हे विशेषण मारणाऱ्याने दिलेलं असतं, मार खाणाऱ्याला कुणी विचारलेलं नसतं. ‘जमाव’ म्हटलं की त्यातल्या माणसांना नावं उरत नाहीत. आता हेच वाक्य कर्ता पुढे घेऊन लिहा: ‘पोलिसांनी लोकांना लाठ्यांनी मारलं.’ लगेच प्रश्न सुचायला लागतात. कुणाच्या आदेशावरून? किती जणांना लागलं? आधी इशारा दिला होता का? कदाचित उत्तरं पोलिसांच्या बाजूची असतील, कदाचित समोरून खरंच दगड आले असतील. पण मूळ वाक्याने प्रश्नच उगवू दिला नव्हता.

कर्ता लपवायची दुसरी तऱ्हा म्हणजे भलताच कर्ता उभा करणं. २६ जून १९७५ च्या सकाळी इंदिरा गांधींनी आकाशवाणीवरून देशाला सांगितलं की राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर केली आहे, घाबरण्याचं कारण नाही. वाक्य खोटं नव्हतं. सही राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांचीच होती. पण ती आदल्या रात्री, पंतप्रधानांच्या सल्ल्यावरून झाली होती आणि मंत्रिमंडळाला सकाळी बोलावून नंतर मान्यता घेतली गेली. बोलणारी व्यक्तीच निर्णय घेणारी होती आणि तिच्या वाक्यात ती कुठेच नव्हती.

म्हणून ‘निर्णय घेण्यात आला’, ‘घरे हटवण्यात आली’, ‘चौकशी केली जाईल’ असं काही दिसलं की कागदावर एक प्रश्न लिहा: कोणी? उत्तर मिळालं नाही तर जागा रिकामी सोडा. त्या रिकाम्या जागा पुढे सातव्या पायरीला लागतील.

एक सावधगिरी मात्र हवी. सरकारी मराठीत कर्मणी प्रयोग सवयीनेही येतो. ‘कार्यालय दुपारी बंद ठेवण्यात येईल’ यात डाव शोधत बसू नका. कुणाचं तरी नुकसान झालंय आणि कर्ता गायब आहे, अशा ठिकाणी थांबा.

तिसरी पायरी: शेपटाचे शब्द पकडा

मोठ्या शब्दाला जोडून येणारे आणि त्याचा जोर काढून घेणारे शब्द आमच्या बैठकीत ‘शेपटाचे शब्द’ म्हणून ओळखले जातात. ‘तत्त्वतः मान्यता’ म्हणजे आज काहीही मिळणार नाही. ‘पर्यंत’ म्हणजे कमीही मिळू शकतं, शून्यही. ‘प्रस्तावित’, ‘विचाराधीन’, ‘सरकार सकारात्मक आहे’ या तिन्हींत एकही तारीख नसते. ‘निकषांच्या अधीन राहून’ म्हणजे खरा मजकूर दुसरीकडे आहे. ‘टप्प्याटप्प्याने’ दिसलं की तुमचा टप्पा कितवा ते विचारा.

मी २०१७ च्या मथळ्यात जे गाळलं ते हेच. २८ जूनच्या शासन निर्णयात ते शेपूट सविस्तर आलं: दीड लाखाची मर्यादा, कुटुंब हा घटक (म्हणजे पती, पत्नी आणि १८ वर्षांखालची मुलं मिळून एक), आयकर भरणारे आणि सरकारी नोकर वगळणं, मर्यादेपेक्षा जास्त थकबाकी असेल तर वरची रक्कम आधी भरण्याची अट. यातली एकेक अट वाजवीही असेल. सधन माणसाला कर्जमाफी कशाला, हा प्रश्न मलाही पटतो. पण इतकं सगळं असताना त्याला ‘सरसकट’ म्हणता येत नाही.

चौथी पायरी: नावाला काय चिकटलेलं आहे ते बघा

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवते. सत्तेला नाव ठेवण्याचा अधिकार असतो आणि नावाला पैसे, हक्क, जबाबदारी चिकटलेली असते. नाव बदललं की तेही सुटून पडतं.

महाराष्ट्रात याचं ‘दुष्काळा’इतकं बोलकं उदाहरण नाही. ब्रिटिशांच्या काळात १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता तयार झाल्या. दुष्काळ जाहीर झाला की मदतकामं काढणं ही सरकारची जबाबदारी ठरली. म्हणजे तो शब्द उच्चारला की तिजोरी उघडावी लागे. राज्य स्थापन होऊन तीन वर्षं होतात न होतात तोच, १९६३ मध्ये, महाराष्ट्राने एक कायदा केला: राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’, म्हणजे दुष्काळ, हा शब्दच काढून टाकायचा आणि त्याजागी ‘स्केअर्सिटी’, म्हणजे टंचाई, घालायचा. कारण असं दिलं की शासन शेतीच्या परिस्थितीवर सतत लक्ष ठेवून असतं, टंचाईची चिन्हं दिसताच मदत पोहोचवतं, त्यामुळे दुष्काळाला आता वाव उरलेला नाही. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. पाऊस पाडता येत नाही, पण शब्द काढता येतो.

नऊ वर्षांत १९७२ उजाडलं. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसं मदतकामांवर होती. खडी फोडणं, नालाबांध, सुकडी (मदत म्हणून मिळणारा पौष्टिक कोरडा खाऊ), मिलोच्या, म्हणजे परदेशी लाल ज्वारीच्या, भाकरी या आठवणी आमच्या घरात आजही निघतात. आणि आजवर कुणाच्याही तोंडून मी ‘बहात्तरची टंचाई’ ऐकलेलं नाही. बहात्तरचा दुष्काळच. कायद्यातून गेलेला शब्द लोकांनी जपून ठेवला.

सत्तेने पुढे मधला रस्ता काढला: ‘दुष्काळसदृश परिस्थिती’. सदृश म्हणजे सारखं दिसणारं. २०१६ साली हा प्रत्यय मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. हजारो गावं होरपळत असताना सरकारी कागदांत ‘सदृश’ का, असा सवाल जनहित याचिकेत उभा राहिला. अखेर मे महिन्यात सरकारला सांगावं लागलं की आधीच्या निर्णयांत जिथे ‘दुष्काळसदृश’ म्हटलं आहे तिथे ‘दुष्काळ’ असं वाचावं. पण शब्द मेला नाही. २३ ऑक्टोबर २०१८ ला १८० तालुक्यांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर झाली आणि ३१ ऑक्टोबरला १५१ तालुक्यांत ‘दुष्काळ’. म्हणजे सदृशमधले सगळे दुष्काळात पोहोचले नाहीत. २०२३ मध्ये ४० तालुक्यांत दुष्काळ आणि त्याबाहेरच्या हजारावर महसुली मंडळांत, म्हणजे तालुक्याच्या पोटातल्या गावांच्या गटांत, पुन्हा ‘सदृश’.

फरक काय पडतो? गावात हमखास विचारलं जातं आणि विचारायलाच हवं. ‘सदृश’ मंडळांना सवलती मिळतात: जमीन महसुलात सूट, कर्जाचं पुनर्गठन, वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, मुलांचं परीक्षा शुल्क माफ, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, टँकर, पंपाची वीज न तोडणं. ही यादी वाईट नाही. पण नीट बघा, त्यात बरंचसं ‘सध्या घेणार नाही’ आहे, ‘हातात देणार’ असं फार थोडं. केंद्राच्या आपत्ती निधीकडे पैसे मागायचे तर केंद्राच्या नियमपुस्तिकेत बसणारा दुष्काळच लागतो, तिथे सदृश चालत नाही. तेव्हा ‘सवलत’ आणि ‘मदत’ हे दोन शब्द कागदावर वेगवेगळ्या रकान्यांत लिहा.

हाच डाव उलट बाजूनेही येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने शेतं वाहून गेली आणि ‘ओला दुष्काळ’ जाहीर करा अशी मागणी उठली. सरकारचं उत्तर आलं की असा शब्द नियमपुस्तिकेत नाही, दुष्काळाच्या वेळच्या सवलती मात्र देऊ. अशा वेळी शब्दावर अडून बसायचं की सवलतींची यादी हातात घ्यायची? माझं मत असं की यादी आधी घ्यावी, लेखी घ्यावी, आणि शब्दाचं भांडण सोडू नये. पुढच्या पावसाळ्यात तोच शब्द कामाला येईल.

बाकी नावांनाही हीच कसोटी लावा. ‘लाभार्थी’ म्हटलं की कुणीतरी उपकार करतंय असं वाटतं. कायद्याने मिळणाऱ्या रेशनला आपण ‘हक्क’ म्हणालो तर रांगेत उभं राहण्याची ढबच बदलते. ‘अतिक्रमण’ म्हटलं की चूल, पाळणा, भिंतीवरचा फोटो यांपैकी काही दिसत नाही.

पाचवी पायरी: ‘आपण’ कुठे आणि ‘आम्ही’ कुठे

मराठीत ही सोय आयती आहे. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये असतो. एखादं भाषण लावा आणि कागदावर दोन रकाने करा. ‘आम्ही रस्ता केला, आम्ही पाणी आणलं’ हे एकीकडे. ‘आपल्याला थोडी कळ सोसावी लागेल, आपण सगळ्यांनी काटकसर केली पाहिजे’ हे दुसरीकडे. श्रेय आम्ही, झळ आपण. हे एकदा ऐकू आलं की ऐकू येणं थांबत नाही.

तिसरा रकाना ‘ते’ किंवा ‘काही लोक’ यांचा ठेवा. ‘काही लोकांना विकास नको आहे.’ कोण लोक? नाव घेतलं तर त्यांना उत्तर देता येतं, म्हणून नाव घेत नाहीत. आणि प्रश्न विचारणारा प्रत्येक जण आपण त्या ‘काही लोकां’त जाऊ या भीतीने गप्प बसतो. मला हा तिन्हींतला सगळ्यात घातक वाटतो, कारण बाकीचे शब्द पैसे लांबवतात, हा शब्द शेजाऱ्याला शेजाऱ्यापासून तोडतो.

सहावी पायरी: आकड्याला तीन प्रश्न

कशाचा? कोणत्या तारखेपर्यंतचा? जाहीर झालेला की खर्च झालेला? २०१७ च्या कर्जमाफीची घोषणा ३४,०२२ कोटी रुपये आणि ८९ लाख शेतकरी अशी होती. प्रत्यक्ष लाभ पोहोचलेल्या शेतकऱ्यांचा आकडा त्याच्या निम्म्याच्या आसपास राहिला. फलकावर मात्र घोषणेचाच आकडा राहतो, कारण तो पुसायला कुणी येत नाही.

सातवी पायरी: मूळ कागद काढा

घोषणा हवेत विरते, शासन निर्णय कागदावर असतो. राज्य शासनाच्या संकेतस्थळावर ‘शासन निर्णय’ हा विभाग आहे. विभागाचं नाव, योजनेचं नाव किंवा तारीख टाकून शोधता येतं. प्रत्येक निर्णयाला लांबलचक संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. तो संकेतांक लिहून ठेवा. टेबलापलीकडच्या माणसाला “पेपरात वाचलं” असं सांगणं आणि संकेतांक सांगणं यात फार अंतर पडतं.

निर्णय वाचताना प्रस्तावना भरभर वाचा. तिथे कळवळा असतो. ‘शासन निर्णय’ या मथळ्याखालचा मजकूर सावकाश वाचा. त्यानंतर थेट अटी-शर्ती आणि ‘खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली’ ही ओळ बघा. पैसा कुठून येणार हे लिहिलंच नसेल तर ‘तत्त्वतः’ अजून संपलेलं नाही असं समजा.

दुसऱ्या पायरीतल्या रिकाम्या जागा आता माहिती अधिकारात विचारा. २००५ च्या कायद्याने साध्या कागदावर अर्ज करता येतो, त्याला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही नाही. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवा. उत्तर ३० दिवसांत यायला हवं, नाहीतर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. प्रश्न ‘का’ने सुरू करू नका, कारण मत मागितलं की अर्ज परत येतो. असं विचारा: ‘अमुक संकेतांकाच्या शासन निर्णयानुसार आमच्या गावातील पात्र खातेदारांची संख्या, जमा झालेली रक्कम, अपात्र ठरलेल्यांची संख्या आणि अपात्रतेची नोंदवलेली कारणे यांची प्रत द्यावी.’

आठवी पायरी: आपल्या माणसाचं भाषणही याच पेन्सिलीने वाचा

ही पायरी सगळ्यांना जड जाते. विरोधकाच्या भाषणात शेपटाचे शब्द पटापट सापडतात. आपण ज्याला मत दिलं त्याच्या भाषणात पेन्सिल अडते. म्हणून बैठकीत मी एक सोपी युक्ती करते. दोन्ही बाजूंची वाक्यं नावं कापून, चिठ्ठ्यांवर लिहून टोपलीत टाकते. चिठ्ठी उचलायची, रेघा मारायच्या, मग कुणाचं वाक्य ते सांगायचं. १९६३ चा कायदा करणारे वेगळ्या पक्षाचे होते आणि २०१८ चं ‘सदृश’ लिहिणारे वेगळ्या. चिठ्ठीवर तसं काही दिसत नाही.

नववी पायरी: आपलं वाक्य आपण लिहायचं

वाचता आलं की लिहायलाही लागावं. त्याची जागा म्हणजे ग्रामसभेचं इतिवृत्त.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या ग्रामसभेला मी आबांच्या शेजारी बसले होते. पाण्याचा विषय निघाला, बायका तावातावाने बोलल्या. शेवटी ग्रामसेवकाने लिहिलेलं वाचून दाखवलं: ‘गावात पाणीटंचाई जाणवत असल्याचे ग्रामस्थांकडून सांगण्यात आले.’ माना डोलल्या, सभा उठायला लागली. आबा उठले नाहीत.

“जाणवत नाही, आहे,” ते म्हणाले. “आणि सांगितलं कोणी ते लिहा. नावं आहेत त्यांना.”

ग्रामसेवक तसा भला माणूस. त्याने ओळ खोडली आणि पेन धरून बसला. आबा एकेका बाईकडे बघत गेले, ती बोलत गेली, आणि तो लिहीत गेला: नळाला अकरा दिवसांनी पाणी येतं, वस्तीवरच्या बायका दीड किलोमीटरवरच्या विहिरीवरून दिवसाला चार खेपा करतात, हातपंप मार्चपासून बंद आहे, पंचायतीने तो दुरुस्त केलेला नाही. शेवटच्या वाक्याला तो जरा थांबला. सरपंच समोरच बसले होते. आबांनी ते वाक्य पुन्हा सांगितलं, शब्दन् शब्द, मग सगळं वाचून दाखवायला लावलं आणि त्यानंतर सहीसाठी चष्मा काढला.